भाजी लपवावी की ताटात वाढावी? (वय वर्षं २ ते ६)

दहिवर (पुणे) | सोमवार, रात्री १०:४०

मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत दुधी, लाल भोपळा, गाजर, जे कुस्करून दिलं ते खायचा. आता वरण-भात-तूप, दही, तूप-साखर लावलेली पोळी आणि डोसा एवढंच चालतं. ताटात हिरवं काही दिसलं की ताटच सरकवतो.

सध्या मी कणकेत पालक वाटून घालते, डोशाच्या पिठात उकडलेला भोपळा घालते, बिटाची पुरी करते. हे सगळं तो खातो आणि पोटात काहीतरी गेलं ह्याचं समाधान मिळतं. पण आम्ही बाकीचे मेथी, गवार, दोडका खात असतो तेव्हा त्याच्या ताटात वेगळंच काहीतरी असतं. भाजी ही भाजी म्हणून त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये. पुढे शाळेचा डबा आहे, कुणाकडे जेवायला जाणं आहे.

पाककृती नकोत, त्या भरपूर मिळतात. ज्यांच्याकडे मुलं हळूहळू घरची भाजी खायला लागली, त्यांच्याकडे नेमकं काय बदललं ते वाचायचं आहे.

थोडी माहिती: एकत्र कुटुंब. दुपारी सासूबाई भरवतात, कधी गोष्टी सांगत, कधी मोबाईल लावून. त्यांच्या मायेबद्दल प्रश्नच नाही आणि ह्यावरून मला घरात वाद नको आहे. संध्याकाळी पाचला दूध-बिस्किटं, रात्री साडेआठला सगळ्यांचं जेवण. वजन-उंची व्यवस्थित आहे असं डॉक्टर म्हणतात.

---

फोडणी (कोल्हापूर) | सोमवार, रात्री ११:१५

पाककृती नकोत म्हणालात तरी एक मुद्दा स्वयंपाकघरातलाच आहे. मेथीचं थालीपीठ आणि पालक वाटून घातलेली पोळी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थालीपिठात मेथीची पानं दिसतात, दाताखाली येतात, त्यांचा कडवटपणा जिभेला कळतो. वाटलेल्या पालकात फक्त रंग उरतो. आपल्याकडे मुटके, कोथिंबीर वडी, अळूवडी, भोपळ्याचे घारगे, काकडीचे धोंडस हे सगळं पूर्वीपासून होतंच, पण त्यात कुणी काही लपवत नव्हतं. घारगे भोपळ्याचे आहेत हे मुलाला माहीत असायचं.

म्हणून मी म्हणेन, पिठात घालणं बंद करू नका, वाटणं बंद करा. आज बारीक चिरा, पुढच्या वेळी जरा जाड. आणि नाव सांगून द्या.

---

पोषणवाट (ठाणे) | मंगळवार, सकाळी ७:५०

मी आहारतज्ज्ञ आहे, काम बहुतेक पाच वर्षांखालच्या मुलांसोबत असतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी खातो आणि मग बंद करतो, हे ह्या वयाचं अगदी नेहमीचं चित्र आहे. साधारण दोन ते सहा ह्या वयात मुलं नवं किंवा वेगळं दिसणारं अन्न नाकारतात. मूल चालायला लागतं, हाताला येईल ते तोंडात घालू शकतं, तेव्हा अनोळखी पानाफळांबद्दल सावध असणं त्याच्या फायद्याचंच आहे, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. त्यात पालेभाज्यांचा कडवटपणा. कडू चव किती तीव्र लागते हे काही अंशी आनुवंशिक असतं, त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावंडांना तीच मेथी वेगवेगळी लागू शकते. म्हणजे दर वेळी तो नखराच असतो असं नाही.

दुसरं भुकेचं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या जवळजवळ तिप्पट होतं. दोन वर्षांनंतर ते वर्षाला दोनेक किलोनेच वाढतं. वाढीचा वेग कमी झाला की भूकही तेवढी लागत नाही. आपण मात्र ताट वाढतच नेतो.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: परिचय. लिअन बर्च ह्या अमेरिकन संशोधिकेने १९८० च्या दशकापासून ह्यावर पुष्कळ काम केलं. नवी चव मुलाला आपलीशी वाटायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चाखावी लागते. बहुतेक घरांत दोन-तीन नकारांनंतर 'त्याला दोडका आवडत नाही' असं ठरून जातं आणि दोडका त्याच्या ताटात यायचा थांबतो. वाटून लपवलेल्या भाजीची अडचण इथेच आहे. पोषण मिळतं, पण ओळख होत नाही.

प्रमाणाबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीनुसार २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला किमान २५० ग्रॅम भाज्या आणि फळं मिळून हवीत. फळं त्यात धरलेली आहेत, हे लक्षात घ्या. एक केळं आणि थोडी पपई झाली की भाजीवरचं दडपण बरंच हलकं होतं. ताटात वाढताना वयाच्या वर्षाला एक मोठा चमचा, म्हणजे तुमच्याकडे तीनेक चमचे, हा ढोबळ अंदाज पुरे. नवी भाजी असेल तर एक चमचाच.

आणि ते पाच वाजताचं दूध-बिस्किट बघा. दिवसभरात दूध अर्ध्या लिटरच्या पुढे जात असेल तर जेवणाची भूक मारली जाते, शिवाय लोह कमी पडण्याचा धोका वाढतो.

---

सातारकर_आजी | मंगळवार, दुपारी २:३०

दहिवर, तुझ्या सासूबाईंच्या वयाची आहे म्हणून एकेरी लिहिते.

आमच्याकडे ताट वाढायची एक रीत होती. वर मीठ, लिंबाची फोड, डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजव्या बाजूला भाज्या, मध्ये भात. लहान मुलाचं ताटही असंच वाढायचं, फक्त सगळं चवीपुरतं. कोशिंबीर बोटभर, भाजी चिमूटभर. ताटात आली म्हणजे खाल्लीच पाहिजे अशी सक्ती नसायची, पण ताटात यायची मात्र रोज. मुलाला लहानपणापासून हे ठाऊक की जेवण म्हणजे एवढं सगळं. आता मुलांना वाटीत एकच पदार्थ कालवून भरवतात, मग त्यांना ताट म्हणजे काय हे कळणार कधी?

कोशिंबिरीपासून सुरुवात कर. गाजर किसून, दाण्याचं कूट, लिंबू, किंचित साखर, वरून तुपाची जिऱ्याची फोडणी. बीट किसून दह्यात घातलं की गुलाबी होतं, त्या रंगासाठी मुलं बोट घालतात. काकडी चोचवून, दाण्याचं कूट घालून. कोबीची पचडी. दही त्याला आवडतंच म्हणतेस, मग दह्यातून जा.

आणि सासूबाईंना 'मोबाईल लावू नका' असं सांगू नकोस, त्यांना दुसरं काम दे. मटार सोलायला दोघांना एकत्र बसव. थंडीत पावटा, तुरीच्या शेंगा, हरभरा, सगळं सोलण्यासारखं येतं. मेथी निवडायला बसव, काड्या वेगळ्या, पानं वेगळी. ज्याला हात लागला ते तोंडात जातं. माझी नातवंडं ओला वाटाणा सोलता सोलता निम्मा खातात, आणि भाजीत पडला की तोच वाटाणा शोधून काढतात.

---

दोन_डबे (डोंबिवली) | मंगळवार, रात्री ११:०५

वरचं सगळं पटलं, पण आम्हा दोघं नोकरी करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. बायको आणि मी घरी पोचतो तेव्हा साडेआठ झालेले असतात. स्वयंपाकाच्या मावशी सकाळी येऊन दोन वेळचं करून जातात. भाजी एकच, तेल-मसाला मोठ्यांच्या चवीचा. पाच वर्षांच्या मुलीला ती तिखट लागते. मग तिच्यासाठी संध्याकाळी आयत्या वेळी डोसा किंवा शेवया. हे चक्र होतं.

आमच्याकडे दोन गोष्टींनी फरक पडला. एक म्हणजे मावशींना सांगितलं की भाजी वाफवून झाली, हळद-मीठ पडलं, की तिखट आणि गोडा मसाला घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढा. भाजी तीच, चूल तीच, वेगळं काही करायचं नाही. त्यांना अजिबात जड गेलं नाही.

दुसरं म्हणजे वेळ. मुलीला खरी भूक लागते साडेसहाला, पाळणाघरातून आल्यावर. ती भूक बिस्किटांवर जायची. आता ती वाटी तेव्हाच समोर येते, सोबत पोळीचे तुकडे, काकडी, कधी उकडलेलं रताळं किंवा मक्याचं कणीस. रात्री आमच्यासोबत बसते तेव्हा थोडा वरण-भात खाते. सगळ्यांनी एकत्र जेवायला हवं हे मान्य, पण आठवड्याच्या पाच दिवसांत मुंबईच्या लोकलपुढे ते जमत नाही. शनिवार-रविवार जमवतो.

---

करवंद (रत्नागिरी) | बुधवार, सकाळी ९:२०

मला ह्या धाग्याचा सूर थोडा खटकतो. आमच्या लहानपणी जे शिजेल ते पानात पडायचं आणि पानातलं संपवून उठायचं. पडवळ, फणसाची कुयरी, अळूचं फदफदं, सगळं खाल्लं. आवडतं का असं कुणी विचारलं नाही. आज मुलाला विचारून स्वयंपाक होतो, म्हणून मुलं खात नाहीत. पर्यायच द्यायचा नाही. भूक लागली की खाईल.

---

पोषणवाट | बुधवार, दुपारी १२:४०

करवंद, तुमच्या म्हणण्याचा अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. मुलाला विचारून स्वयंपाक करू नये. भाजी नाकारली म्हणून उठून डोसा घालून देऊ नये, कारण मग नकार दिला की डोसा मिळतो एवढंच मूल शिकतं.

दुसऱ्या अर्ध्याबद्दल मात्र माझं मत ठाम वेगळं आहे. एलिन सॅटर ह्या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मांडलेली कामाची वाटणी मी पालकांना नेहमी सांगते. काय शिजवायचं, केव्हा आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं काय आणि किती खायचं हे मुलाने ठरवायचं. ताटात एक तरी ओळखीची गोष्ट हवी, म्हणजे वरण-भात आहेच, आणि शेजारी चमचाभर भाजी. वरण-भात खाऊन उठला तर उठू द्या. कुणी काही बोलायचं नाही, चेहरा पाडायचा नाही.

पानातलं संपवायला लावलं की मूल आपलं पोट भरल्याचं ऐकणं सोडून देतं. आणि दाबून भरवलेल्या पदार्थाची जी शिसारी बसते ती कित्येकांना मोठेपणीही सोडत नाही. तुमच्या पिढीतही पडवळाचं नाव काढलं की तोंड फिरवणारे असतीलच.

'भाजी संपव, मग आईस्क्रीम' हेही टाळा. त्यातून आईस्क्रीम आणखी मोलाचं ठरतं आणि भाजी शिक्षा ठरते. छोटं बक्षीस द्यायचंच असेल तर खाण्याचं नको, आणि संपवण्यासाठी नको. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी एकच नावडती भाजी मुलांना रोज अगदी थोडी चाखायला दिली आणि चाखल्याबद्दल एक स्टिकर दिला. काही दिवसांत मुलं ती भाजी जास्त खाऊ लागली. तिथे अट फक्त चाखण्याची होती.

---

करवंद | बुधवार, दुपारी ३:१०

पडवळाबद्दल बरोबर बोललात, माझ्या धाकट्या भावाने आजवर परत खाल्लेलं नाही. वेगळा डोसा न घालणं आणि सक्ती न करणं हे दोन्ही एकत्र चालू शकतं हे पटलं. फणसाची कुयरी मात्र मुलांना द्याच. काजूगर आणि ओलं खोबरं घातलेली, शेंगदाण्याएवढ्या फोडींची. आमच्याकडची सगळी मुलं खातात.

---

राईनकाठ (ड्युसेलडॉर्फ) | बुधवार, संध्याकाळी ७:००

इथल्या बालवाडीत मुलांना डब्यात गाजर, काकडी, ढोबळी मिरची, नवलकोल ह्यांच्या लांब काचऱ्या देतात. माझी मुलगी चार वर्षांची आहे, तिथे ती नवलकोल कच्चा मिटक्या मारत खाते. घरी त्याच नवलकोलाची भाजी केली तर हात लावत नाही. त्यावरून मला कळलं की अडचण भाजीची नाही, रूपाची आहे. आपल्या भाजीत सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं, कांदा, मोहरी, खोबरं, कोथिंबीर. एका घासात चार वेगळे पोत येतात. काही मुलांना ते झेपत नाही.

आता मी भाजी चिरताना थोडी फोडणीबाहेर ठेवते, कच्ची किंवा नुसती वाफवलेली. दोन्ही ताटात वाढते. वाफवलेली ती खाते, फोडणीची अधूनमधून चाखते. मोहरी दाताखाली आलेली आवडत नाही म्हणून तिच्यासाठी जिऱ्याची फोडणी. इथे ताजी मेथी क्वचित मिळते, गोठवलेली मिळते, ती वरणात घालते.

---

पोषणवाट | बुधवार, संध्याकाळी ७:४५

राईनकाठ, छान निरीक्षण. फक्त इतर वाचकांसाठी: कच्चं गाजर, मुळा, नवलकोल असे कडक तुकडे चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, घशात अडकू शकतात. किसून द्या किंवा बोटाने दाबलं जाईल इतकं वाफवून द्या. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं ह्यांचंही तेच. आणि मूल पळत असताना, झोपून किंवा हसत असताना भरवू नका.

---

रानवाट (अकोले, अहिल्यानगर) | गुरुवार, रात्री ९:३०

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. इथली गोष्ट शहरापेक्षा जरा वेगळी आहे, पण धाग्याशी जोडलेली आहे म्हणून लिहितो.

शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी आणि सहावी ते आठवीसाठी ७५ ग्रॅम, असं प्रमाण ठरलेलं आहे. ती खिचडीत किंवा आमटीत पडते. पहिलीची मुलं सुरुवातीला ताटाच्या कडेला टोमॅटो, कोबी, गाजर वेचून ठेवतात. दिवाळीनंतर ते प्रमाण बरंच कमी होतं. कारण काय? शेजारी बसलेली तिसरी-चौथीची मुलं खातात. शिक्षक त्याच पंगतीत बसून खातात. कुणी भरवत नाही, कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट परसबाग. शाळेमागे वाल, घेवडा, मेथी, पालक, मुळा, भोपळ्याचा वेल आहे. मुलांनी बी टोकलं, पाणी घातलं, शेंग लागली की ती कुणी तोडायची ह्यावर चर्चा होते. आपल्या वाफ्यातली भाजी आमटीत पडली हे कळलं की वेचून बाजूला ठेवणं थांबतं. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे ह्यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, त्यामुळे इथल्या मुलांना वालाच्या बियांचे रंगसुद्धा ओळखता येतात. शहरात परसबाग नसेल तर कुंडीत मेथी टाका. मेथीचे दाणे घरातच असतात, आठवड्याभरात कोंब दोन बोटं वर येतात, आणि तीनेक आठवड्यांत खुडता येते. साडेतीन वर्षांच्या मुलाचा धीर तेवढा टिकतो.

तिसरी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत तो ५३.८ टक्के होता. म्हणजे हा प्रश्न फक्त हट्टी मुलांचा नाही. आमच्याकडे कितीतरी लहान मुलं सकाळी चहा-पोळी किंवा चहा-बटर खाऊन येतात. चहाने अन्नातलं लोह शोषलं जायला अडथळा येतो. पालकसभेत मी दोनच गोष्टी सांगतो: मुलांचा चहा बंद करा, आणि भाजीवर लिंबू पिळा.

पावसाळ्यात इथली मुलं कुर्डू, टाकळा, भारंगी, करटुली ओळखतात, आणतात, खातात. पण रानभाजी जाणत्या माणसाशिवाय आणू नका. काही भाज्या उकळून पाणी टाकून द्याव्या लागतात. शेवळं तर नीट केली नाहीत तर घसा खाजवतात.

---

दहिवर | गुरुवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. रानवाट सर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला.

वाटणं बंद केलं आहे. चमचाभर भाजी ताटात ठेवते आणि काही बोलत नाही. हे 'काही न बोलणं' फार कठीण आहे. जेवताना आम्हा चौघांचं लक्ष त्याच्या त्या चमचाभर भाजीकडे असतं आणि त्याला ते कळतं. सासूबाईंना मटार सोलण्याची कल्पना आवडली. दुपारचा मोबाईल अजून आहे.

दोन प्रश्न आहेत. पालेभाजीचा पोतच त्याला नको असतो, तोंडात गोळा धरून ठेवतो आणि मग थुंकतो. काय करावं? आणि पालकातून लोह मिळतं म्हणून मी पालकावरच भर दिला आहे, ते बरोबर आहे का?

---

फोडणी | गुरुवार, रात्री १०:५०

गोळा धरून ठेवतो कारण पालेभाजी चावायला अवघड आहे. लांब दोऱ्यासारखे देठ, पानं एकमेकांना चिकटलेली, आणि ह्या वयात चावण्याची सवय अजून पुरती झालेली नसते. त्यामुळे परतलेली कोरडी मेथी शेवटी द्या. आधी पातळ भाज्या. चाकवत किंवा पालक डाळीबरोबर शिजवून घोटायचा, ताक आणि थोडं बेसन लावून, वरून तूप-जिरं. पालकाची ताकातली भाजी भातावर वरणासारखीच जाते. अंबाडीला कण्या आणि गूळ. काही ठिकाणी गरगट्टा करतात, दोन-तीन पालेभाज्या आणि डाळ एकत्र घोटून. हे वाटणं नव्हे, ह्यात पानं दिसतात आणि भाजीची चव स्वतःची राहते. नंतर डाळ-मेथी, मग पीठ पेरून, मग कोरडी परतलेली. मधली कुठलीही पायरी गाळू नका.

भेंडी बुळबुळीत झाली की मुलं नाकारतात. धुऊन, पूर्ण पुसून, काचऱ्या करून, झाकण न ठेवता परता, मीठ शेवटी. दोडका मूगडाळीबरोबर. लाल भोपळा मेथीदाणे आणि गुळावर, सालासकट. गवारीच्या शिरा नीट काढा, एक जरी शीर घशाला लागली तर ते मूल पुढे वर्षभर गवार खाणार नाही. फ्लॉवर लोखंडी तव्यावर कडा लाल होईपर्यंत भाजा. कारलं राहू द्या, त्याची घाई नाही.

---

माडाची_सावली (फोंडा) | शुक्रवार, सकाळी ८:३०

आमच्याकडे तांबडी भाजी बाळांना भाताबरोबर लवकर सुरू करतात. तांबडा माठ बारीक चिरायचा, कांदा, एखादी मिरची अख्खी घालून नंतर काढून टाकायची, आणि भरपूर ओलं खोबरं. खोबऱ्याच्या गोडव्याने आणि स्निग्धपणाने पाल्याचा उग्रपणा मवाळ होतो. भात लाल होतो, त्याचंही मुलांना आकर्षण. वालीच्या शेंगा, दुधी, केळफूल, सगळ्यावर खोबरं.

आणि शेवग्याची शेंग कुणी सांगितलीच नाही! आमटीतली शेंग हातात द्यायची. चोखायचं, दातांनी ओढायचं, चोथा काढून टाकायचा. ज्या मुलाला ताटात काहीच नको असतं तेसुद्धा शेंग सोडत नाही, कारण ती त्याच्या हातात असते. शेजारी बसून लक्ष ठेवा एवढंच.

---

पोषणवाट | शुक्रवार, दुपारी १:००

पालकाच्या प्रश्नाबद्दल: पालकात लोह आहे, पण त्यातल्या काही घटकांमुळे त्यातलं थोडंच शरीरात शोषलं जातं. म्हणून एकट्या पालकावर भिस्त ठेवू नका. माठ, राजगिरा, मेथी, शेवग्याचा पाला बदलून बदलून वापरा. सोबत डाळ, मोड आलेलं कडधान्य, नाचणी, हळीव, आणि घरात चालत असेल तर अंडं, मासे, मटण. मांसाहारातलं लोह सहज शोषलं जातं. भाजीवर लिंबू किंवा जेवणात आवळा, पेरू असेल तर वनस्पतींमधलं लोहही जास्त शोषलं जातं. लोखंडी कढईत शिजवल्यानेही थोडं लोह अन्नात उतरतं, पण शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. मूल फिकट दिसत असेल, माती किंवा खडू खात असेल, तर भाजीवर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवा.

घरात कुणी गरोदर किंवा स्तनपान देणारी असेल तर एक मुद्दाम सांगते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या जुली मेनेला ह्यांच्या २००१ च्या अभ्यासात ज्या आयांनी गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस नियमित घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीचा आहार जास्त सहज स्वीकारला. आईच्या आहारातली चव गर्भजलात आणि दुधात उतरते. बाळंतिणीला मेथी, शेपू, पडवळ, दोडका भरपूर खाऊ घाला.

---

पाऊलखूण (नाशिक) | शुक्रवार, रात्री ८:४०

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे खाणं, हाताळणं अशा रोजच्या गोष्टी मुलांना जमाव्यात म्हणून काम करते. वरचे सल्ले बहुतेक मुलांना लागू पडतात, पण काही मुलांची गोष्ट वेगळी असते आणि त्यांच्या आयांना उगाच अपराधी वाटत राहतं, म्हणून लिहिते.

भाजीला नुसता हात लागला तरी उबळ येणं, मोजकेच पदार्थ खाणं आणि त्यातलेही एकेक सुटत जाणं, ठरावीक रंगाचं किंवा ठरावीक ब्रँडचंच खाणं, खाताना वारंवार ठसका लागणं, वजन न वाढणं, ह्यातलं काही असेल तर 'वाढेल तसं खाईल' म्हणून थांबू नका. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. कधी साधी बद्धकोष्ठता असते आणि ती बरी झाली की भूक परत येते. कधी दात, कधी टॉन्सिल. कधी स्पर्श आणि वास ह्यांबद्दलची संवेदनशीलता इतकी जास्त असते की मुलाला खरोखर त्रास होतो. स्वमग्न मुलांमध्ये हे पुष्कळदा दिसतं. अशा मुलाला पंगत, कौतुक, स्टिकर ह्यांनी मदत होईलच असं नाही. तिथे पायऱ्या खूप लहान असतात: भाजी टेबलावर असणं, मग ताटात असणं, मग बोट लावणं, वास घेणं, ओठांना लावणं. चावणं फार पुढे येतं.

दहिवर, तुमच्या मुलाच्या वर्णनात मला तसं काही दिसत नाही. मोबाईल मात्र हळूहळू कमी करा. पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाला आपण काय खातोय हेच कळत नाही, मग ओळख व्हायची कशी? एकदम बंद केला तर घरात ताण होईल. आधी दिवसातलं एक जेवण मोबाईलशिवाय करा, ज्या वेळी तुम्ही स्वतः घरी असाल ते.

---

सातारकर_आजी | शनिवार, सकाळी ११:००

पाऊलखूण, फार चांगलं लिहिलंस. आमच्या वेळी अशा मुलांना नुसता मार बसायचा.

दहिवर, सगळे त्याच्या ताटाकडे बघतात ह्यावर उपाय एकच, सगळ्यांनी दुसरं काहीतरी बोला. आज शाळेत काय झालं, बाजारात काय मिळालं. आणि नवऱ्याला भाजी वाढताना आवर्जून वाढ. बाप भाजी बाजूला सारत असेल तर मुलगा खाणार नाही, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

---

दहिवर | पुढच्या महिन्यात, रविवार, रात्री ९:५०

थोडक्यात कळवते. शेवग्याची शेंग जिंकली. आमटी असली की आता स्वतः मागतो. बिटाची कोशिंबीर दह्यासकट खातो. लाल भोपळ्याची भाजी चाखतो, कधी खातो, कधी ठेवतो. मेथी, गवार, भेंडी अजून नाहीच. संध्याकाळचं बिस्किट बंद केलं नाही, आठवड्यातून दोनदावर आणलं. रात्रीचं जेवण मोबाईलशिवाय होतं, दुपारचं अजून नाही, पण सासूबाईंनी स्वतःहून गोष्टींचं पुस्तक आणलं आहे.

कुंडीत मेथी टाकली होती. त्याने पानं खुडली, धुतली, मला कढईत टाकायला दिली, आणि खाल्ली नाही. पण शेजारच्या काकूंना 'माझी मेथी' म्हणून वाटीभर नेऊन दिली. मी ह्यालाही प्रगती म्हणते.

आता बाजारात शेपू खूप छान आलाय. आम्हा सगळ्यांना आवडतो. एवढ्या उग्र वासाची भाजी ह्या वयात ताटात ठेवावी की थांबावं?

---

फोडणी | रविवार, रात्री १०:२०

ठेवा. कोवळी जुडी घ्या, जाड देठ काढून टाका, मूगडाळ नेहमीपेक्षा जास्त आणि शेपू कमी. लसूण तुपात लाल करून घाला.

---

सातारकर_आजी | सोमवार, सकाळी ८:१५

नाहीतर फळं कर. ज्वारीच्या पिठात शेपू बारीक चिरून, तीळ, ओवा, मीठ, थोडी लसूण घालायची. गरम पाण्यात मळून चपटी फळं करायची आणि मोदकपात्रात वाफवायची. वरून कच्चं तेल किंवा तूप. त्याला शेजारी बसव आणि अंगठ्याने मधे खळगा करायला सांग. त्याची फळं वेगळ्या ताटलीत वाफव, म्हणजे कुठली त्याची हे ओळखू येईल.